कार्डाची पाठ

मँचेस्टरला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात जुन्या बाजारात ब्लॅकपूलची, म्हणजे इथल्या समुद्रकाठच्या सुट्टीच्या गावाची, चाळीसएक पोस्टकार्डं घेतली. समुद्र, मनोरा आणि जत्रेत असतो तसला, पण अजस्र पाळणा. चित्रांवरून काळ लावायला बसलो आणि फसलो. पाळणा १९२८ साली बंद झाला, म्हणजे ही सगळी कार्डं त्याआधीची, असं धरलं. एकावर शिक्का निघाला १९३१चा! जुनी चित्रं लोक वर्षानुवर्षं खपवत.

मग चित्र सोडून पाठ बघू लागलो. मजकूर आणि पत्ता शेजारी-शेजारी लिहायची मुभा ब्रिटनमध्ये १९०२ साली मिळाली. त्याआधी ती अख्खी बाजू पत्त्याची. अर्ध्या पेनीचं हिरवं तिकीट असलं तर कार्ड बहुतेक जून १९१८च्या आधीचं, कारण तेव्हा दर एक पेनी झाला. पुसट शिक्क्यावर टॉर्च आडवा धरायचा, कधीकधी अक्षरं उठतात.

एका शब्दानं मात्र छळलं. ऑगस्ट १९११चं एक कार्ड, मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅम या गिरणीगावच्या पत्त्यावर : ‘इथे पाऊस. कोंबड्यांना दाणे घाल. आईचा खोकला कसा आहे? वेक्स संपले की शनिवारी येतो.’ वेक म्हणजे मयताजवळचं जागरण, एवढंच मला ठाऊक. दोन दिवस उगाच हळहळलो. शेजारच्या ऐंशीच्या बाई खो खो हसल्या. वेक्स म्हणजे गिरणीची सुट्टी! लँकेशरच्या एकेका गावाचा आठवडा ठरलेला. गिरण्या बंद, गाव ओस, निम्मं गाव ब्लॅकपूलला. खोली भाड्यानं घ्यायची, बाजार आपण आणायचा, घरमालकीण रांधून देणार. त्या आठवड्याचा पगार नाही. त्यासाठी वर्षभर पै-पै साठवायची. भरपगारी सुट्टीचा कायदा आला थेट १९३८ साली.

माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले. शिमग्याला गावी गेले की खाडे, आणि खाड्यांचा पगार कापलेला. त्यामुळे बाईंना फार समजावून सांगावं लागलं नाही.

शेवटी १९११च्या जनगणनेत तो पत्ता शोधला. घरात पाच माणसं, तिघांपुढे कापडगिरणी. त्यात तेरा वर्षांची एक मुलगी, ‘अर्धवेळ’ : अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. कार्ड तिच्याच नावाचं आहे. म्हणजे आईजवळ तीच थांबली असणार.