‘ओ’ची रिप: घोडं अडतं ते दहाव्या ट्रॅकवर

डेमियन राईसचा ‘ओ’ सीडीवरून संग्रहात उतरवण्याचं काम. सद्यस्थिती: पहिले नऊ ट्रॅक रिप झाले (सीडीवरून फाइलमध्ये उतरले), पडताळले, बाजूला ठेवले. उरलाय दहावा, ‘एस्किमो’. मेहनत सगळी त्याच्यावरच पडते, त्यामुळे ही नोंदही बहुतेक त्याच्याबद्दलच आहे.

अल्बमची ओळख थोडक्यात. किल्डेअर परगण्यातल्या सेलब्रिजचा हा गायक-गीतकार ‘ज्युनिपर’ बँडमधून बाहेर पडला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये आयर्लंडमध्ये त्याने हा पहिला स्वतंत्र अल्बम काढला. अमेरिकेत तो २००३ मध्ये आला. त्याच वर्षी त्याला शॉर्टलिस्ट म्युझिक प्राइझ मिळालं. लिसा हॅनिगनचा आवाज, व्हिव्हिएन लाँगचा चेलो, टॉम ऑसँडरचे ड्रम, शेन फिट्झसिमन्सचा बेस. बाँडपटांचा संगीतकार डेव्हिड अर्नोल्ड राईसच्या नात्यातला. त्याने दिलेल्या फिरत्या रेकॉर्डिंग सामानावर हे काम उभं राहिलं, आणि ‘एमी’ची निर्मितीही त्याचीच.

हे सामान-पुराण इथे सांगायचं कारण आहे. या अल्बममध्ये खोली ऐकू येते. श्वास, तारेवरून सरकणारं बोट, सगळं तसंच ठेवलेलं आहे. ‘चीअर्स डार्लिन’च्या सुरुवातीला तर ग्लासांची किणकिण आहे. क्लिक काढणारं फिल्टर आपोआप चालवलं की ते या किणकिणीलाच ओरखडा समजतं आणि बोथट करून टाकतं. म्हणून या डिस्कवर नॉइज रिडक्शन नाही, डी-क्लिक नाही, काही म्हणजे काही नाही. डिस्कवर जे बिट आहेत तेच फाइलमध्ये यायला हवेत.

डिस्क पुसणं आणि वाचणं

सीडी आतून बाहेर वाचली जाते. म्हणजे पहिला ट्रॅक मध्याजवळ आणि शेवटचा बाहेरच्या कडेला. बोटांचे ठसे, कव्हरमधून ओढताना पडणारे चरे हे सगळं कडेलाच. आणि या डिस्कवर कडेला बसलाय सुमारे १६ मिनिटांचा दहावा ट्रॅक. पहिले नऊ एका दमात गेले आणि दहाव्यावर ड्राइव्ह घरघरायला लागला, तर दोष ड्राइव्हचाच असतो असं नाही.

पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यायचं, गोल फिरवायचं नाही. सीडीची चूक-दुरुस्ती साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग खड्डा भरून काढू शकते. आडवा चरा खोबणी ओलांडतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत थोडाच डेटा जातो. गोल पुसल्याने पडलेला चरा खोबणीच्या बाजूनेच धावतो आणि ही मर्यादा सहज ओलांडतो. छापील बाजूला जास्त जपायचं, कारण ॲल्युमिनियमचा थर त्या बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो. तिथला ओरखडा कुठल्याही पॉलिशने निघत नाही. कोकणात किंवा पावसाळ्यात मुंबईत डिस्क ठेवत असाल तर कव्हरच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका. बुरशी आधी पुस्तिकेला धरते.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या रिप करायच्या प्रोग्रामातली मांडणी अशी: सिक्युअर मोड, ड्राइव्ह कॅश करतो (वाचलेलं तात्पुरतं साठवतो) हे चालू, सी-२ म्हणजे ड्राइव्हने स्वतः दिलेली चुकांची खूण बंद (ड्राइव्ह ती खरी सांगतो याची खात्री असेल तरच चालू), आणि ‘टेस्ट अँड कॉपी’, म्हणजे ट्रॅक दोनदा वाचून ताडणं. सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक सेक्टर (डेटाचा छोटा तुकडा) किमान दोनदा वाचला जातो. उत्तरं जुळली नाहीत तर १६-१६ वाचनांच्या फेऱ्या होतात आणि त्यांतली ८ सारखी आली की निकाल मान्य. दहाव्या ट्रॅकवर फेऱ्या वाढत असतील तर वेग ८ पटींवर किंवा ४ पटींवर आणायचा. कडेला डिस्कचा हेलकावा सगळ्यात जास्त असतो, वेग उतरला की तो निवळतो.

टेस्ट आणि कॉपीचे सीआरसी (बिटांवरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळले म्हणजे झालं, असं धरू नये. तोच ड्राइव्ह तीच चूक दोनदा करू शकतो. ॲक्युरेटरिप या ऑनलाइन डेटाबेसशी जुळणी हवीच, कारण तिथे दुसऱ्यांच्या ड्राइव्हवरचे निकाल असतात. या अल्बमच्या वेगवेगळ्या लेबलांच्या छपाया आहेत, त्यांचे ऑफसेट (डेटा किती पुढेमागे सरकलाय ते) वेगळे असू शकतात. त्यामुळे ‘जुळत नाही’ दिसलं तरी लगेच डिस्क फेकू नका, क्यूटूल्स या प्रोग्रामात तपासा. ते दुसऱ्या छपाईचा ऑफसेट धरूनही जुळणी दाखवतं. क्यूटूल्सच्या डेटाबेसमध्ये दुरुस्तीचा डेटाही असतो, थोडेच सेक्टर बिघडले असतील तर ते तिथून पूर्ववत होतात. दहाव्या ट्रॅकसाठी हा शेवटचा उपाय. आधी पुसणं, मग दुसरा ड्राइव्ह, मग हा.

रीड ऑफसेटबद्दल (ड्राइव्ह किती सरकून वाचतो त्याबद्दल) एक बारीक गोष्ट, पुन्हा शेवटच्या ट्रॅकचीच. ड्राइव्हचा ऑफसेट +६६७ सॅम्पल (आवाजाची सुटी मोजमापं) असेल तर डिस्कच्या टोकाला तेवढंच पुढे, लीड-आउटमध्ये (संगीत संपल्यानंतरच्या पट्ट्यात) वाचावं लागतं. बरेच ड्राइव्ह ते करत नाहीत. मग उरलेली जागा शून्यांनी भरायचा पर्याय चालू ठेवायचा. ६६७ सॅम्पल म्हणजे १५ मिलिसेकंद, कानाला काही कळत नाही. ॲक्युरेटरिप शेवटच्या ट्रॅकचे अखेरचे पाच सेक्टर मोजणीतच धरत नाही, त्यामुळे जुळणीही बिघडत नाही.

लपलेली दोन गाणी

आता मुद्द्यावर. ‘एस्किमो’ हळू आवाजात सुरू होतं, वाढत जातं, त्यात डोरीन करनचा ऑपेराचा आवाज फिनिश भाषेत येतो, आणि गाणं संपतं. ट्रॅक मात्र संपत नाही. शांतता, मग ‘प्राग’, आणि शेवटी लिसा हॅनिगनच्या आवाजातलं ‘सायलेंट नाइट’. चाल नाताळच्या गाण्याची, शब्द वेगळे. डिस्कच्या यादीत या दोघांचं नाव नाही, स्वतंत्र ट्रॅक क्रमांक नाही. काही सीडींवर लपलेलं गाणं पहिल्या ट्रॅकच्या आधीच्या मोकळ्या जागेत असतं आणि मागे ओढून सापडतं. इथे तसं नाही, ते शोधत बसू नका.

दोन प्रती ठेवायच्या. मूळ प्रत: दहा ट्रॅक, दहावा अखंड, सोबत क्यू शीट (कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते सांगणारी मजकुराची फाइल) आणि लॉग (रिपची नोंद). ही कधीच हलवायची नाही. ऐकायची प्रत: बारा ट्रॅक. तुकडे पाडताना बहुतेकांची चूक होते ती इथे. ऑडॅसिटी या आवाज-संपादकात फाइल उघडायची, कापायची, एक्सपोर्ट करायची, हा मार्ग सोपा दिसतो. पण ऑडॅसिटी आत ३२ बिट फ्लोटमध्ये काम करतं आणि १६ बिटला उतरवताना मुळातच डिदर (मुद्दाम मिसळलेला बारीक गोंगाट) लावतं. म्हणजे कापलेल्या तुकड्यात मूळ बिट राहत नाहीत. तिथेच कापायचं असेल तर सेटिंगमध्ये डिदर ‘नन’ करा. आमच्या मते ऑडॅसिटी फक्त वेळ शोधायला वापरावं आणि कापणं क्यूटूल्सवर सोपवावं.

वेळ शोधताना खालच्या घड्याळाचा नमुना ‘सीडीडीए फ्रेम, ७५ प्रति सेकंद’ असा बदलून घ्या. क्यू शीटमध्ये मिनिटं, सेकंद, फ्रेम असे तीन आकडे असतात आणि तिसरा आकडा शेकड्यातला नाही. एका सेकंदात ७५ फ्रेम, म्हणजे तो ० ते ७४ पर्यंतच. अर्ध्या सेकंदासाठी ५० लिहिलं तर जागा चुकते (५० फ्रेम म्हणजे ०.६७ सेकंद), ८० लिहिलं तर शीटच नाकारली जाते. अर्धा सेकंद म्हणजे ३७ किंवा ३८. एका फ्रेममध्ये ५८८ सॅम्पल. फ्रेमच्या सीमेवर कापलं की कुठेही शून्यं घालून जागा भरावी लागत नाही, आणि मधली मोकळी जागा न वगळता तिन्ही तुकडे पुन्हा जोडले तर मूळ दहावा ट्रॅक बिट न् बिट परत मिळतो. ही जोडणी करून सीआरसी ताडून पाहाच.

क्यू शीटमध्ये अकराव्या ट्रॅकला दोन खुणा द्यायच्या: इंडेक्स ०० जिथे ‘एस्किमो’ विरून शांतता सुरू होते तिथे, इंडेक्स ०१ ‘प्राग’च्या पहिल्या आवाजाच्या १० ते १५ फ्रेम आधी. अगदी आवाजावर खूण ठेवली तर काही प्लेअर सुरुवात गिळतात. शांतता कुठे सुरू होते ते नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका, उभा झूम पूर्ण वाढवून शेपूट बघा. या अल्बममध्ये शेपट्या लांब आहेत. तुकडे पाडताना क्यूटूल्स विचारेल की मोकळ्या जागेचं काय करायचं. ऐकायच्या प्रतीसाठी ‘वगळा’ निवडलं तरी बिघडत नाही, अखंड प्रत बाजूला आहेच. बाराव्यालाही हेच.

जागेचं गणित किरकोळ. सीडीचा आवाज मिनिटाला १०.६ एमबीच्या आसपास, म्हणजे दहावा ट्रॅक वेव्ह फाइलमध्ये साधारण १७० एमबी. फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता आकार कमी करणारा फाइल-प्रकार) तो बराच आटतो. शांततेत शुद्ध शून्यं असतील तर तिथे जागा जवळजवळ लागतच नाही. त्याच्या आकुंचनाच्या लेव्हल ५ आणि ८ मधला फरक नगण्य.

रिप्लेगेन (ऐकताना आवाजाची पातळी समान करणारा टॅग) फक्त अल्बम पद्धतीचा लावा. ‘आय रिमेंबर’ हॅनिगनच्या हळू आवाजात सुरू होऊन अर्ध्यावर ओरडायला लागतं, ‘कोल्ड वॉटर’ जवळजवळ कुजबुजतं. ट्रॅकवार समान केलं की या गाण्यांमधली उंच-सखल जमीन सपाट होते. रिप्लेगेनची मोजणी बारा तुकडे पाडल्यावर करा.

टॅगचा पसारा

अल्बमचं नाव एकच अक्षर, आणि ऑनलाइन याद्यांमध्ये कुठेतरी ते शून्य म्हणून भरलेलं सापडतंच. शोधात एक अक्षर टाकून काही हाती लागत नाही, म्हणून फोल्डरच्या नावात कलाकार आणि वर्ष घालाच. ‘द ब्लोअर्स डॉटर’ आणि ‘चीअर्स डार्लिन’ या गाण्यांच्या नावांमधले रोमन ॲपॉस्ट्रॉफी सरळ की वाकडे ते एकदा ठरवा. ‘डार्लिन’चा तर नावाच्या अगदी टोकाला आहे, तो फाइलची नावं बदलणाऱ्या स्क्रिप्टला हमखास अडवतो.

बारा ट्रॅकांची प्रत डेटाबेसशी आपोआप जुळणार नाही, कारण डिस्कची ओळख मूळ दहा ट्रॅकांच्या सुरुवातींवरून ठरते. टॅग आधी दहाच्या प्रतीवर भरून घ्या, मग बारावर उतरवा. ‘प्राग’ला ११, ‘सायलेंट नाइट’ला १२, आणि दोन्हींच्या टिपणात ‘मूळ ट्रॅक १० मधून’ एवढं लिहून ठेवा. आमच्या प्रतीत ‘प्राग’ची इंडेक्स ०१ अजून चार फ्रेम मागे घ्यायची आहे, तेवढं झालं की लॉग अंतिम.