डबी वाजते, दादा

पोरं विसराळू म्हणून एचआयव्ही टाळायच्या गोळ्या चुकतात, हे मला फारसं पटत नाही. माझ्याकडे समुपदेशनाला येणारी पोरं विसरत नाहीत, लपवतात. डोंबिवलीची वन रूम किचन, कपाट एकच, आणि तीस गोळ्यांची डबी हलली की खुळखुळ्यासारखी वाजते. एक जण सरळ म्हणाला, "दादा, एचआयव्हीपेक्षा आईची भीती जास्त." डबीत कापूस घाल म्हटलं.

प्रेप म्हणजे एचआयव्ही नसलेल्याने तो होऊ नये म्हणून घ्यायची गोळी. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं एकत्र. या गोळीवरच्या २०१० च्या आयप्रेक्स अभ्यासात संरक्षण सरासरी ४४ टक्केच दिसलं, पण ज्यांच्या रक्तात औषध सापडलं त्यांच्यात कितीतरी जास्त. पोरांना हे आकडे सांगत नाही, जांभया देतात. त्यापेक्षा विचारतो, रोज न चुकता काय करतोस? नाईट शिफ्टवाला म्हणाला, ऑफिसात पोचलो की कटिंग. मग गोळी चहाबरोबर, साठा लॉकरमध्ये. राहिलीच तर आठवेल तेव्हा एक. दुसऱ्या दिवशी दोन नाहीत. सुरुवातीला कुणाकुणाला मळमळतं, तेही आधीच सांगून ठेवतो.

तीन महिन्यांनी टेस्टला येतात तेव्हा "किती चुकल्या?" विचारलं तर सगळेच "एकही नाही" म्हणतात. "कुठला दिवस अवघड जातो?" विचारलं की बोलतात. नाईट शिफ्टवाल्याची रविवारची गोळी चुकायची. सुट्टी त्याला, गोळ्या लॉकरमध्ये. आता शनिवारी निघताना एक पाकिटात टाकतो.