एस्टीम मातीवर: स्प्रिंगआधी शॉकअप

इंजिनाचं काम संपल्यावर आता सस्पेन्शन हाती घेतलंय. गाडी तीच, १२९८ सीसीची मारुती एस्टीम. वजनाला हलकी, चारही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र, आणि सुटे भाग अजून भंगारबाजारात हाताला लागतात. सस्पेन्शनला तीस हजार बाजूला काढलेत. उतरायचंय मातीवरच्या ऑटोक्रॉसला: एका वेळी एकच गाडी, शर्यत घड्याळाशी.

पैसे थोडे असले की पहिला मोह खाली बसवलेल्या गाडीचा होतो. आमचे मिस्तरी मनानं फार चांगले, पण त्यांचाही पहिला सल्ला हाच: "भाऊ, येक वेढा कापी टाकू, गाडी खाले बशी जाई." गाडी खाली बसेल हे खरं, आणि काम करणारे वेढे पाचाचे चार झाले की स्प्रिंग २५ टक्के कडकही होईल. पण चाकाला वर जायला जी जागा लागते तीच कमी होते. डांबरी ट्रॅकवर हे चालून जाईल. आपल्या काळ्या मातीत कापूस उपटल्यावर कितीही रोलर फिरवा, पहिल्या चार-पाच गाड्या गेल्या की वळणाच्या आत खड्डा पडतोच. तिथे बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाची वरची हद्द संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आपटलेलं चाक उडतं, आणि हवेतल्या चाकाला पकड कसली? म्हणून उंची कंपनीची तीच ठेवतोय. शिवाय गाडी पारोळ्याकडच्या मित्राच्या रानापर्यंत रस्त्यानंच न्यायची आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघता रस्त्यावरच्या गाडीत मोठे फेरफार नकोतच.

मग स्प्रिंग बदलायची का? हे अंदाजानं ठरवायचं नव्हतं. गाडी जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, आणि दोन्ही वेळा मी आत बसलेलो. पुढे ५५० किलो, मागे ३५०. कापसाच्या ट्रॅक्टरच्या रांगेत उभं राहावं लागलं, पण काटेवाल्या काकांनी दोन्ही पावत्या हौसेनं काढून दिल्या. गाडी तोलायचा याहून स्वस्त आणि चांगला मार्ग मला माहीत नाही.

पुढची स्प्रिंग काढून मापली: तार ११ मिमी, वेढ्याचा मध्य व्यास ११५, काम करणारे वेढे पाच. सूत्रात घातलं तर ती १ मिमी दाबायला सुमारे १९ न्यूटन लागतात. एका पुढच्या चाकावर २७५ किलो येतात. त्यातून चाक, ब्रेक वगैरेचे ३५ वजा केले तर स्प्रिंगवर २४० किलो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या नळीवर) स्प्रिंग आणि चाक जवळजवळ सारखंच हलतं, म्हणून हिशोब सोपा: स्प्रिंगवर गाडीचे सेकंदाला साधारण १.४ हेलकावे; जितके जास्त, तितकी गाडी कडक. रोजच्या गाड्या साधारण १ ते १.५ मध्ये असतात, म्हणजे ही मुळातच त्यातल्या कडक बाजूला आहे.

आता गंमत तारेची. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून तार फक्त १ मिमी जाड, म्हणजे १२ ची घेतली, की स्प्रिंग ४२ टक्के कडक होते आणि हेलकावे १.७ वर जातात. तितक्या स्प्रिंगला आवरायला शॉकअपलाही सुमारे १९ टक्के जास्त जोर लावावा लागतो. माझे जुने शॉकअप तर आहे ती स्प्रिंगही सांभाळत नाहीत. बोनेट दाबून सोडलं की गाडी दोनदा डोलते. अशा शॉकअपवर कडक स्प्रिंग चढवणं म्हणजे बुजऱ्या गोऱ्ह्याची वेसण काढणं.

त्यामुळे निम्म्याहून जास्त पैसा चार गॅसभरल्या शॉकअपवर. खान्देशात त्याला आणखी एक कारण आहे. मार्चनंतर ऊन चढतं, मे महिन्यात भुसावळ-जळगाव ४५ अंशांच्या आसपास जातं. तापलेलं तेल पातळ होतं आणि खड्ड्यांतल्या सततच्या हालचालीनं त्याला फेस येतो. फेसातून पिस्टन नुसताच सरकतो. गॅसच्या दाबानं हा फेस बराच आटोक्यात राहतो. सोबत डस्ट बूट नवेच घ्या, काटकसर करू नका. आपली धूळ पिठासारखी बारीक, रॉडवर बसली की सील खाते.

दुसरा खर्च लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे जोडातले रबरी गोळे, बॉल जॉईंट आणि स्ट्रटचे वरचे माऊंटिंग. सगळं साध्या रबराचं. पॉलियुरेथेन बुश मोहात पाडतात, पण खड्ड्यातला प्रत्येक दणका ते बॉडीच्या जोडांपर्यंत पोचवतात, आणि जुन्या पत्र्यावर मला तो भार नको. बुश नवे झाल्यावर स्टिअरिंगमधला जो सैलपणा गेला, त्यानं मी हरखून गेलो. एवढ्या कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशानंच पडला नाही.

कॅम्बरसाठी, म्हणजे चाकाच्या उभ्या कलासाठी, नकलच्या (चाक आणि स्ट्रट जोडणाऱ्या भागाच्या) दोन बोल्टपैकी एका जागी कल बदलता येणारा कॅम्बर बोल्ट बसवून थोडा निगेटिव्ह, म्हणजे चाकाचा माथा आत, घेतलाय. अलाइनमेंट त्यानंतरच.

उरला प्रश्न मागचा. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी वळणात नाक बाहेर काढते. मागची बाजू जरा कडक केली की ते कमी होतं. पुढच्या स्प्रिंगला हात न लावता फक्त मागे एक पायरी कडक स्प्रिंग लावायचा विचार आहे. पण आधी मागच्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय हवा वाढवून गाडी काय बोलते ते ऐकणार. त्याला पैसे पडत नाहीत. कुणी एस्टीमला मागे कडक स्प्रिंग लावून मातीवर पळवली असेल, तर तारेची जाडी आणि वेढे जरूर कळवा. रान मोकळं झालं की त्याच मापानं सुरुवात करतो.