तुलांबेनचं ‘लिबर्टी’: किनाऱ्यावरून डाइव्हची आखणी

बालीच्या विमानतळावरून तुलांबेनला पोहोचायला गाडीने तीनेक तास लागतात. आम्लापुरा ओलांडलं की तीर्तागंगाची हिरवी भातखाचरं लागतात, आणि चुलिकच्या पुढे रस्ता खाली उतरला की एकदम कोरडा, काळा मुलुख सुरू होतो. डावीकडे आगुंग ज्वालामुखी, उजवीकडे समुद्र. हे गाव आज नकाशावर आहे ते पाण्यात बुडालेल्या एका जहाजामुळे; ते पाहायला स्कूबा डाइव्हर इथे येतात.

‘यूएसएटी लिबर्टी’ हे अमेरिकन मालवाहू जहाज, १९१८ साली बांधलेलं. ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीत जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो सोडला. अमेरिकन आणि डच विनाशिकांनी ते सिंगाराजा बंदराकडे ओढत न्यायचा प्रयत्न केला, पण पाणी फार शिरल्याने तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवावं लागलं. तिथे ते एकवीस वर्षं पडून होतं. १९६३ मध्ये आगुंगचा उद्रेक झाला आणि त्या हादऱ्यांनी जहाज घसरून पाण्यात गेलं. म्हणूनच सुमारे १२० मीटर लांबीचं हे जहाज आज किनाऱ्यापासून तीसेक मीटरवर, उतरत्या काळ्या वाळूत एका कुशीवर पडलेलं आहे. वरचा भाग ५ मीटरच्या आसपास, खालचा ३० मीटरपर्यंत.

बोट लागत नाही, प्रवाहही बहुतेक वेळा सौम्य असतो, म्हणून लोक ही डाइव्ह सोपी समजतात. माझ्या मते तिची अर्धी आखणी घड्याळावर आणि उरलेली हवेच्या हिशेबावर ठरते. दोन्ही किनाऱ्यावरच करून घ्यावं लागतं.

आधी घड्याळ. दक्षिण बालीतून दिवसभराच्या सहलीला येणारे डाइव्हर साडेनऊ-दहापासून पोहोचू लागतात. दुपारपर्यंत जहाजावर इतकी गर्दी होते की आपला गट कुठला हेच कळेनासं होतं. त्यामुळे मुक्काम तुलांबेनमध्येच करावा आणि पहिली डाइव्ह उजाडताना, सहाच्या सुमारास घ्यावी. डोक्यावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे रात्री जहाजात झोपतात आणि उजेड झाला की निघून जातात. तासभर उशीर केला तर ते दिसत नाहीत. लवकर गेलं तरी हमी नाहीच, पण समुद्र तरी शांत मिळतो. वारा आणि लाटा बहुधा दुपारी वाढतात.

आपल्याकडच्यांसाठी हंगामाचं गणित छान जुळतं. पावसाळ्यात मालवण-तारकर्लीला समुद्र बंद असतो, तेव्हा बालीत कोरडा मोसम असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी जरा गार असतं. ३ मिमीचा सूट एका डाइव्हला पुरतो, दिवसाला तीन करणार असाल तर ५ मिमी घ्या. डिसेंबर ते मार्च पाऊस, गढूळ पाणी आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या मोठ्या लाटा.

मालवणला प्रशिक्षकाने धरून नेलेली डाइव्ह म्हणजे परवाना नव्हे, हे मात्र लक्षात असू द्या. ‘ओपन वॉटर’ या पहिल्या परवान्यावाल्यांना १८ मीटरची मर्यादा आहे आणि तेवढ्यातही हे जहाज भरपूर दिसतं. खालच्या भागासाठी ‘अॅडव्हान्स्ड’ हवं.

आता हवा. इथे सर्रास मिळणारी अॅल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची, २०० बार भरलेली (एक बार म्हणजे साधारण पृष्ठभागावरच्या हवेइतका दाब). म्हणजे साधारण २२२० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणारा माणूस धरू. २५ मीटरवर दाब साडेतीन पट, म्हणजे मिनिटाला ७० लिटर, टाकीतले सहा बारांहून अधिक.

राखीव साठा आधी काढायचा. २५ मीटरवर बडीची, म्हणजे जोडीदाराची, हवा संपली तर दोघं एकाच टाकीवर वर येणार. घाबरलेल्या दोन माणसांना मिळून मिनिटाला ६० लिटर धरा. खाली सावरायला एक मिनिट: २१० लिटर. मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने वर यायला सुमारे तीन मिनिटं, सरासरी दाब सव्वादोन: ४०५. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षिततेचा थांबा (सेफ्टी स्टॉप): २७०. एकूण ८८५ लिटर, म्हणजे ८० बार. ‘५० बारला वर यायचं’ हा सरसकट नियम २५ मीटरवर पुरत नाही, तो का, ते या आकड्यात आहे. दोघांपैकी कोणाच्याही गेजवर (दाबमापकावर) ८० दिसायच्या आत तिथून उठलंच पाहिजे.

पुढचा आराखडा असा. पाण्यात उतरून खाली जायला चार मिनिटं, १६ बार. २५ मीटरवर दहा मिनिटं, ६३ बार; काटा १२१ वर. मग १५ मीटरवर आठ मिनिटं, ३६ बार, उरले ८५. आठ मीटरवर जहाजाच्या वरच्या कडेने आठ मिनिटं, २६ बार. सेफ्टी स्टॉपला आठ. बाहेर येताना ५० हातात. उतारावर पडलेलं जहाज म्हणजे पायऱ्यांची विहीरच: सर्वांत खोल भाग आधी पाहायचा आणि मग एकेक टप्पा वर. खाली असताना शरीरात नायट्रोजन विरघळत जातो; वर येताना त्यासाठी सक्तीचे थांबे घ्यावे लागू नयेत म्हणून खाली राहायची जी वेळ, ती नो-डीको मर्यादा. २५ मीटरवर साध्या हवेची ही मर्यादा तक्त्यानुसार २९ मिनिटं आहे, म्हणजे आपल्याला अडवते ती हवा, नायट्रोजन नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला मात्र उलट होऊ लागतं. तेव्हा नायट्रॉक्स ३२, म्हणजे ३२ टक्के ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजन असलेली हवा, घ्यावं. ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नसतो; त्या हिशेबाने त्याची कमाल खोली ३३ मीटरच्या थोडी पुढे जाते, त्यामुळे जहाजाचा तळही मर्यादेत राहतो. टाकीतलं ऑक्सिजनचं प्रमाण स्वतः मोजून, कॉम्प्युटरमध्ये तेच भरून मगच पाण्यात जा.

कमरेला लावायचं शिशाचं वजन ठरवताना बरेच जण भरल्या टाकीवर चाचणी घेतात आणि शेवटी फसतात. अॅल्युमिनियमची टाकी रिकामी होत जाते तशी तरंगू लागते, ५० बारपर्यंत हवेचंच दोन किलो वजन कमी झालेलं असतं. पाच मीटरवर, ५० बार असताना स्थिर राहता आलं पाहिजे. तेवढं शिसं घ्या, जास्त नको.

खरी दमछाक पाण्याच्या काठाला होते. किनारा काळ्या गोल धोंड्यांचा, पायाखाली सरकणारा. टाक्या गावातल्या बायका डोक्यावरून आणून ठेवतात. त्यांना वाट द्या. जाड तळव्याचे बूट आणि टाचेला पट्टा असलेले फिन्स हवेतच. फिन्स हातात, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (श्वास घ्यायचं तोंडयंत्र) तोंडात, बीसीडी (हवा भरायचं जाकीट) अर्धी फुगवलेली. दोन मोठ्या लाटांच्या मधली वेळ साधून, पाय न उचलता सरकवत कमरेइतक्या पाण्यात जायचं आणि तरंगू लागल्यावर फिन्स घालायचे. फिन्स घालून चालणारे हमखास आपटतात. लाट फुटते त्या पट्ट्यात थांबायचं नाही. बाहेर येताना तोल गेला तर सरळ रांगत या, आणि कोरड्यावर येईपर्यंत रेग्युलेटर काढू नका. तोल जाऊन तोंड पाण्यात गेलं तरी श्वास चालू राहतो.

जहाजाचा सांगाडा आता इतका उघडा आहे की आरपार जाण्याजोगी भगदाडं जागोजागी दिसतात. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर शिरू नका. गंजलेल्या कडा हात आणि नळ्या कापतात. बारीक काळी राख बसलेली असते, त्यामुळे वर-खाली पाय मारले की क्षणात पाणी गढूळ होतं. बेडकासारखे पाय मारा. दिवसाही टॉर्च हवाच, नाहीतर स्पंज आणि पंखेरी प्रवाळांचे लाल-केशरी रंग राखाडीच दिसतात. खालच्या पंखेरी प्रवाळांवर पिग्मी समुद्रघोडे असतात, दोनेक सेंटिमीटरचे. ते शोधण्यात दहा मिनिटं संपतात, म्हणून जागा गाइडला आधीच विचारून ठेवा. परतताना वाळूत बागेसारखे उभे राहिलेले ईल मासे दिसतात. पोहोचायच्या आत ते बिळात जातात, तेव्हा दुरूनच पाहा.

केंद्र निवडताना किनाऱ्यावर ऑक्सिजनचा संच आहे का, तो उघडून दाखवायला सांगा. डाइव्हनंतरच्या नायट्रोजनच्या त्रासावर उपचार करणारा दाबकक्ष बालीची राजधानी देनपसारला, म्हणजे काही तासांवर आहे. आपल्या नेहमीच्या प्रवासविम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते. डाइव्हिंगचा वेगळा विमा काढा.

उंचावर हवेचा दाब कमी असतो आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून शेवटची डाइव्ह आणि विमान यांत किमान १८ तास हवेत. मी २४ ठेवतो. आणि विमानाइतकंच महत्त्वाचं, पण सहलीच्या आखणीत हमखास राहून जाणारं: डोंगरावरचं किंतामणी सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे, बातुर ज्वालामुखीचं शिखर त्याहून उंच. डाइव्ह करून त्याच दिवशी, किंवा दुसऱ्या पहाटेच्या सूर्योदयासाठी, तिकडे जाऊ नका. ज्वालामुखी आधी उरकून घ्या, मग तुलांबेनला उतरा, आणि परतीच्या आदला दिवस दक्षिणेच्या किनाऱ्यावर कोरडा ठेवा.