लाखेचा एक हात जास्त

मिरजेतल्या आमच्या सतारमेकर गल्लीत ऐन जुलैत काम मंदच असतं. हवेत एवढा ओलावा, की पॉलिशवर पांढुरकी साय धरते. अशाच एका दुपारी सांगलीहून कॉलेजातला एक मुलगा टेबल टेनिसची बॅट घेऊन आला. बॅट म्हटलं तर चालत नव्हतं त्याला. रबर काढलेलं नुसतं लाकूड म्हणजे ब्लेड. "काका, याला सील करून पाहिजे. दुकानदार म्हणाला नेलपॉलिश लाव." असे दुकानदार. माल विकतात, माल हातात धरून बघत नाहीत.

त्याचं दुखणं खरं होतं. रबर काही महिन्यांनी बदलावं लागतं. पूर्वी सॉल्व्हंटचा ग्लू लावायचे, त्यावर 2008 मध्ये बंदी आली. आता पाण्यातला दुधासारखा ग्लू लावतात. लाकूड कोरं असेल तर तो रेषांमध्ये मुरतो, आणि रबर सोलताना लाकडाची कूस घेऊनच निघतो. याच्या ब्लेडची मुठीजवळ बोटभर ढलपी उडाली होती. पाच थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले, वजन शहाऐंशी ग्रॅम, वरचा थर लिंबा नावाच्या आफ्रिकी लाकडाचा, पोस्टकार्डाहून थोडाच जाड. नियमानं जाडीत 85 टक्के तरी नैसर्गिक लाकूड लागतं, बाकी कार्बन वगैरे चालतं. याचं सगळंच लाकूड. मला तेवढ्यानंच ते आवडलं.

चाचा आमच्याकडचे सगळ्यात जुने कारागीर. त्यांनी ब्लेड दोन बोटांत लोंबतं धरलं, नखानं टिचकी मारली, कानाशी नेलं आणि म्हणाले, "बोलतंय. एकच हात मार. तोही ओला नको."

मी ऐकलं नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून आम्हा सगळ्यांच्याच डोक्यात थोडी हवा गेली आहे. त्यात माझा हात म्हणजे चपड्याचा, लाखेच्या पापड्यांच्या पॉलिशचा. रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवलेला चपडा मलमलीतून गाळायचा, कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधायचा, बोळा अडकू नये म्हणून तेलाचा एक थेंब, आणि मग इंग्रजी आठासारखा हात फिरवत राहायचं. कुठेही थांबायचं नाही, थांबलात की डाग. मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याच्या तुंब्यावर हे केलं की त्यात खिडकी दिसते. ढलपीची जागा भरली, चारशेच्या पॉलिशपेपरनं नुसतं गोंजारलं (तो थर घासण्यासारखा नाहीच), आणि एकाऐवजी तीन हात दिले. मूठ कोरी ठेवली, घाम शोषायला लाकूड मोकळं लागतं. ज्या पृष्ठभागावर रबर चिकटून तो कायमचा झाकला जाणार, त्यावर मी तोंड दिसेल अशी झिलई आणली. मुलगा खूश. चाचांनी पुन्हा टिचकी मारली आणि काही बोलले नाहीत. आवाज जरा टणक झाला होता, मलाही ऐकू आला. पैसे घेतले नाहीत.

गणपतीनंतर मुलगा परत आला. एका बाजूचं काळं रबर सोलताना माझी झिलई पापुद्र्यासारखी रबराबरोबर उठून आली होती, खाली पुन्हा ढलपी. दुसरी बाजू मात्र शाबूत. रबर सुटलं, लाख जागेवर. एकच माणूस, एकच बोळा, एकच दुपार.

खोदून विचारलं तेव्हा कळलं, काळं रबर त्यानं तिसऱ्याच दिवशी लावलं होतं. दुसरं निळं. एक बाजू काळी लागतेच, पण दुसरी लालच हवी हे बंधन 2021 मध्ये गेलं. निळं इथं मिळेना म्हणून बाहेरून मागवलं, ते बारा दिवसांनी लागलं. मग त्यानं ग्लूची बाटली उघडली आणि मला एकदम नाकात झोंबलं. अमोनिया. रबराचा चीक गोठू नये म्हणून घालतात. लाख पाण्याला दाद देत नाही, पण अमोनियासारख्या खारापुढे विरघळते. टाकणखाराच्या पाण्यात चपडा उकळला की पाणीच लाखेचं होतं, हे मला पोरवयापासून माहीत. तरी विचारलं नाही, "तुझ्या ग्लूत काय असतं रे?" सतारीला कोणी ग्लू लावून सोलत नाही, म्हणून सुचलंच नाही.

पण नुसत्या अमोनियावर ढकलून भागत नाही. तीन दिवसांत, तेही त्या हवेत, लाख नीट कडक झाली नसणार. शिवाय शेवटी कोऱ्या स्पिरिटच्या बोळ्यानं वरचं तेल उचलायचं असतं. ते एका बाजूला केल्याचं आठवतं. मधेच तंबोऱ्याचं गिऱ्हाईक आलं. दुसऱ्या बाजूला केलं का, आणि केलेली बाजू कुठली, काही केल्या आठवत नाही.

स्पिरिटनं सगळी लाख पुसून काढली, ढलपी परत बसवली. या खेपेला पाण्यातलं पॉलियुरेथेन वॉर्निश आणलं. फडक्यावर घेऊन रेषांच्या दिशेनं एकदा फिरवलं, लगेच कोरड्या फडक्यानं पुसलं. चमक शून्य. बघणाऱ्याला वाटेल काही केलंच नाही. रबर सोलताना वर उचलू नकोस, मागे दुमडून लाकडालगत ओढ, हेही सांगितलं. "आधी का नाही सांगितलं काका?" म्हणाला. मी बोळा धुवायला घेतला.

जाताना त्याच्याकडून झाकणभर ग्लू मागून घेतला. तुनाच्या लाकडाच्या चार पट्ट्या तासल्या आहेत. तेल पुसलेली, न पुसलेली, तीन दिवसांची, बारा दिवसांची. पेन्सिलीनं मागे लिहून ठेवलंय, यावेळी आठवणीवर काही सोडलेलं नाही. रबराऐवजी सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेत. चाचा येता-जाता बघतात आणि हसतात. शुक्रवारी सोलणार आहे.