छतावरची बुरशी आणि वरच्या घराची परवानगी : माझा अनुभव

ठाण्यातल्या आमच्या भाड्याच्या घरात पावसाळ्याच्या तोंडावर बाथरूमच्या छताला, वरच्या घराच्या नहाणी ट्रॅपभोवती (फरशीवरचे पाणी जिथून वाहून जाते त्या तोंडाभोवती), काळी बुरशी धरली. ती पुसायला फारसा वेळ लागत नव्हता. ती पुन्हापुन्हा का येते हे संबंधितांकडून मान्य करून घेण्यात मात्र पावसाळा सरला, थंडी लागली, आणि त्याचा संताप माझ्या मनात अजून आहे.

टाइल्सच्या सांध्यांतली बुरशी वाफेची होती. अंघोळीनंतर भिंती वायपरने निथळून एक्झॉस्ट फॅन अर्धा तास चालू ठेवू लागलो, तेव्हा ती गेली. छताचा डाग कोरडा पुसून त्यावर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटवली. दुसऱ्या दिवशी फॉइलची आतली बाजू ओली आणि बाहेरची कोरडी होती. म्हणजे ओल स्लॅबमधून येत होती.

खरी अडवणूक इथून सुरू झाली. घरमालक नाशिकला राहतात. त्यांनी फोनवर बुरशीरोधक रंग लावून घ्या असे सुचवले. सोसायटीच्या कार्यालयाने, तुम्ही सभासद नाही, अर्ज मालकांचाच हवा, असे सांगितले. मालकांचा अर्ज गेल्यावर हा दोन सभासदांमधला प्रश्न आहे असे उत्तर आले. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांनुसार) पावसाच्या आणि बाहेरच्या सामाईक पाइपच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते आणि घराच्या आतल्या दुरुस्त्या सभासदाने स्वखर्चाने करायच्या असतात. त्यामुळे पाणी नेमके कुठून येते हे ठरल्याशिवाय कोणीही खर्चाला हात लावणार नव्हते, आणि ते ठरवण्यासाठी वरच्या बाथरूममध्ये जाणे भाग होते. वरचे कुटुंब, आमची फरशी कोरडी आहे, एवढेच म्हणून दार लावून घेई. फरशी वरून कोरडी दिसली तरी सांध्यांतून झिरपलेले पाणी खालच्या कोब्यात, म्हणजे फरशीखालच्या थरात, साठत राहते, हे मी जिन्यात उभे राहून कितीदा समजावले असेल! माझ्या मुलाचा दमा त्या काळात वाढला होता. ओलसर, बुरशी आलेल्या घरांचा दम्याशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच मार्गदर्शक सूचनांत मांडला आहे, पण ते वाचून दाखवल्यानेही दार उघडले नाही.

अखेर मालकांनी सोसायटीच्या समितीला संयुक्त पाहणीची लेखी मागणी केली, सोबत मी काढलेले तारखेसह फोटो जोडले, आणि सचिव प्लंबरला घेऊन स्वतः वर गेले. नहाणी ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओतले. काही तासांतच आमच्या छतातून तोच रंग ठिबकला. मला झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. वरच्यांनी ट्रॅपचा सांधा नव्याने बसवला, फरशीच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (पाणी झिरपू न देणारा भराव) भरले.

त्यानंतर लगेच रंग लावू नये; स्लॅब पूर्ण वाळू द्यावा, नाहीतर पोपडे सुटतात. बुरशी काढताना मास्क आणि हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, आणि ब्लीच वापरल्यास त्यात ॲसिड किंवा संडास साफ करायचे द्रव्य कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आणखी एक महत्त्वाचे : घर ताब्यात घेतानाच छताचे फोटो मालकांना पाठवावेत आणि गळतीची दुरुस्ती कोणी करायची ते लिव्ह अँड लायसन्स करारात लिहून घ्यावे. आमच्या करारात ते नव्हते. या वर्षी नूतनीकरण करताना मी ते कलम घालून घेतले आहे.