मूळ चाक पोत्यात बांधून ठेवायचं

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींची चाकं करणाऱ्या आमच्या वर्कशॉपची सुरुवात मोटारसायकलीपासून झाली नाही, एका लेथपासून, म्हणजे कातकामाच्या यंत्रापासून, झाली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुना गॅप बेडचा लेथ घेतला होता, ऑइल इंजिनांची फ्लायव्हील, म्हणजे जड फिरती चाकं, करायला. गॅप बेड म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या चकजवळचा बेडचा एक तुकडा निघतो आणि खाली जागा मोकळी होते, त्यामुळे मोठ्या व्यासाचं काम फिरवता येतं. शेतावर विजेचे पंप आले तशी ऑइल इंजिनं कमी होत गेली. 1999 च्या सुमाराला तर तो लेथ आठवड्यातले तीन-तीन दिवस नुसता झाकून ठेवलेला असायचा.

अशाच एका दिवशी सांगलीकडचे एक गृहस्थ पोत्यात गुंडाळलेलं मोटारसायकलचं चाक घेऊन दारात उभे राहिले. "एवढं अख्खं चाक फिरंल का तुमच्या लेथवर? चार ठिकाणी विचारून आलोय." आबांनी टेप लावून बघितलं आणि म्हणाले, "फिरतंय की. आत या."

चाक होतं बीएसए एम20 या जुन्या ब्रिटिश मोटारसायकलचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी बर्मिंगहॅमच्या कारखान्यात या गाड्या लाखाच्या वर तयार झाल्या. 496 सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, पुढचं चाक धरायला गर्डर फोर्क, मागे शॉकअप नाहीच, आणि दोन्ही चाकांना 7 इंची ड्रम ब्रेक, म्हणजे चाकातल्या गोल ड्रमला आतून शू घासून थांबवणारे. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या अशा गाड्या आपल्याकडेही लोकांच्या हातात आल्या. त्यातल्या काही आजही वाड्यांच्या सोप्यात आणि गुऱ्हाळांच्या शेडमध्ये उभ्या आहेत. त्या गृहस्थांच्या गाडीचा पुढचा ड्रम अंडाकृती झाला होता. ब्रेक दाबला की गाडी हिसके द्यायची.

असा ड्रम घासायचा तर चाक बांधलेलं असतानाच घासावा लागतो. नुसता हब, म्हणजे ड्रमसकट चाकाचा मधला भाग, घासून मग स्पोक भरले, तर स्पोकच्या ओढीने ड्रम पुन्हा किंचित वाकडा होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून अख्खं चाक लेथवर चढायला हवं. पण 19 इंची रिमचा बाहेरचा व्यास 20 इंचांच्या वर जातो आणि साध्या लेथवर तो बेडला अडकतो. फ्लायव्हीलसाठी घेतलेल्या लेथवर मात्र ते चाक आरामात फिरलं. त्या दिवशी आबांनी ज्या काळजीने ड्रमवरून शेवटचा पातळ कट घेतला, तो माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. सुरुवातीला टूल एका बाजूला चमकायचं आणि दुसऱ्या बाजूला कोरडं जायचं. हळूहळू ती चमक पूर्ण गोल झाली.

मग बातमी पसरली. इचलकरंजी, मिरज, बेळगाव, पुढे पुण्याहूनही माणसं चाकं घेऊन यायला लागली. पण ड्रम किती वेळा घासणार? पातळ होत जातो, तापतो, तडकतो. मूळ हब मिळेना, परदेशातून मागवायचा तर परवडेना. तेव्हा कुणीतरी विचारलं, "बुलेटचं चाक बसवून द्याल का?" आमच्या धंद्याने तिथे वळण घेतलं.

बुलेटचंच का, हे पुष्कळजण विचारतात. बुलेट मुळात ब्रिटिशच. गाडी इंग्लंडमधल्या रेडिचची, आणि 1955 पासून मद्रासमध्ये तयार व्हायला लागली. तिकडचा कारखाना बंद झाला, इकडचा चालू राहिला. त्यामुळे जुन्या बुलेटची चाकं तीच, 19 इंची, 40 स्पोकची, म्हणजे जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या घराण्यातली. रिम, स्पोक, ब्रेक शू कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. येझदी रोडकिंगचं चाकही लोक आणतात, पण ते 18 इंची. 19 च्या जागी त्याच जाडीच्या टायरचं 18 इंची चाक घातलं तर घेर सुमारे 4 टक्क्यांनी कमी होतो. गाडी अर्धा इंच खाली बसते, स्टँडवर नीट उभी राहत नाही, आणि त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. एम20 सारख्या संथ इंजिनाला ते मानवत नाही. म्हणून आम्ही शक्यतो नाही म्हणतो.

घराणं एक असलं तरी चाक उचललं आणि बसवलं असं होत नाही. फोर्कच्या दोन पायांमधलं अंतर वेगळं, स्पिंडलची, म्हणजे चाकाच्या आसाची, जाडी वेगळी. आम्ही गाडीचा मूळ स्पिंडल कधीच बदलत नाही. हबमध्ये त्या स्पिंडलला चालेल असं बेअरिंग शोधतो आणि फरक ईएन8 पोलादाच्या स्लीव्हने, म्हणजे नळीने, भरून काढतो. उदाहरणार्थ 6203 नंबरचं बेअरिंग घेतलं तर त्याचं भोक 17 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 40. ब्रिटिश स्पिंडल इंचात. दोन्हींच्या मध्ये बसणारी स्लीव्ह दंडगोल आणि एककेंद्री हवी, नाहीतर चाक कितीही ट्रू करा, म्हणजे सरळ गोल फिरेल असं करा, चालताना लचकणारच. दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर तर सगळ्यात महत्त्वाचा. तो किंचित जरी तोकडा पडला, तर नट आवळल्यावर बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि चाक जड फिरायला लागतं.

2003 मध्ये माझ्या हातून जी चूक झाली, ती इथे लिहिलीच पाहिजे. एक मॅचलेस आली होती, युद्धकाळातली 350 सीसीची ब्रिटिश गाडी. तिचा पुढचा फोर्क आधीच कुणीतरी दुसऱ्याच गाडीचा बसवलेला. मालकाला बुलेटचं 7 इंची ट्विन लीडिंग ब्रेकचं चाक हवं होतं. ब्रेक प्लेट अडवून धरणारा अँकर त्या फोर्कवर आमच्या सोयीच्या उलट बाजूला होता. मी चाक उलटं फिरवून बसवलं. अँकर बरोबर खाचेत बसला, चाक मधोमध आलं, मला आनंद झाला. गाडी मागे ढकलत वर्कशॉपमध्ये घेताना ब्रेक लावून बघितला, जागच्या जागी थांबली. म्हटलं, उत्तम.

दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या उतारावर ट्रायल घ्यायला गेलो. पहिल्या वळणाआधी पुढचा ब्रेक दाबला, लिव्हर कडक, पण गाडीचा वेग कमी होईना. गिअर उतरवून आणि मागच्या ब्रेकवर कशीबशी आवरली, शेवटी कडेच्या मुरमात आडवा झालो. कोपर सोलवटलं, गाडीला काही झालं नाही. घरी येईपर्यंत कारण कळेना. आबांनी ब्रेक प्लेट उघडली, ड्रम हाताने फिरवला आणि दाखवलं. ड्रम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने शू ओढला गेला तर तो आपणहून जास्त आवळतो. ट्विन लीडिंगमध्ये दोन्ही शू तसे असतात, म्हणूनच तो ब्रेक चांगला. पण चाकाची बाजू बदलली की दोन्ही शू उलटे पडतात, आणि पुढे जाताना ड्रम त्यांना आपल्यापासून दूर, आत ढकलत राहतो. मागे ढकलताना ब्रेक घट्ट लागला तो म्हणूनच. आबा चिडले नाहीत, पण म्हणाले, "गाडी दुसऱ्याची आणि जीवबी दुसऱ्याचा. उद्या त्यो गेला असता उतारावर."

त्यानंतर आमच्याकडे ब्रेकचं कुठलंही चाक पुढच्या दिशेने चालवून तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. अँकर उलट्या बाजूला आला तर चाक फिरवायचं नाही, अँकरसाठी वेगळा दांडा करायचा. तो दांडा फोर्कवर वेल्ड करायचा नाही, दोन तुकड्यांचा क्लॅम्प करून आवळायचा. वेल्ड न करण्यामागे दोन कारणं. जुन्या फोर्कचा पाइप पातळ असतो, तापवला की कमजोर होतो. आणि दुसरं म्हणजे वेल्ड केलेलं पुन्हा काढता येत नाही.

हे दुसरं कारण आबांच्या फार जिव्हाळ्याचं. पहिल्या दिवसापासून त्यांनी सांगितलं होतं की गाडीला करवत लावायची नाही. चाक गाडीसाठी बदलायचं, गाडी चाकासाठी नाही. मागचं चाक बसवताना याची खरी परीक्षा होते. हब रुंद आणि फ्रेमच्या फाट्यांमधली जागा कमी असली की लोक सरळ जॅक लावून फाटे फाकवतात. दोन मिनिटांचं काम. पण 80 वर्षांची फ्रेम एकदा वाकवली की चाकं पुन्हा एका रेषेत आणणं महाकठीण. आम्ही हबच्या बाजूने मटेरियल कमी करतो, स्पेसर पातळ करतो, आणि नाहीच जमलं तर काम परत करतो. असं परत केलेलं काम शेजारच्या गल्लीत दोन तासांत होऊन जाताना आम्ही बघितलंय. त्या वेळी वाईट वाटतं, पैशाचं नुकसानही होतं, पण निर्णय बदलला नाही.

मागच्या चाकाची दुसरी भानगड चेनची. बुलेटच्या मागच्या ड्रमलाच 38 दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, ओतलेलं असतं, आणि हबमध्ये धक्के सोसणारे रबर. एम20 मध्ये धक्के सोसायची सोय इंजिनच्या शाफ्टवर असते. दोन्ही एकत्र चालतात, फक्त चेन सरळ रेषेत यायला हवी. पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटला लांब सरळ पट्टी लावून बघायचं, आणि दोन्ही चाकांना बाजूने सुतळी ताणून बघायचं. सुतळी चारही ठिकाणी टेकली की समजायचं चाकं एका रेषेत आहेत. यासाठी लेझर आहे, आम्हीही घेतलाय. तरी मामा सुतळीच काढतात.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. सायकल दुकानात चाकं बांधण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. 2006 मध्ये ते आमच्याकडे आले आणि आमचं काम खऱ्या अर्थाने पूर्ण झालं. त्याआधी आम्ही तयार चाकंच बसवत होतो. मामांमुळे बुलेटचा हब आणि गाडीची मूळ रिम असं एकत्र बांधायला लागलो, म्हणजे बाहेरून गाडी जुनीच दिसते. पण यातही एक पाठ मिळाला. रिमवर निपल, म्हणजे स्पोक आवळायचे छोटे नट, बसायचे खळगे एका ठरावीक हबच्या हिशोबाने तिरपे पाडलेले असतात. हबचा व्यास बदलला की स्पोकचा कोन बदलतो, निपल खळग्यात वाकडा बसतो आणि स्पोक निपलच्या तोंडाशी मोडतो. आमच्या पहिल्या अशा चाकाचे तीन स्पोक महिन्याभरात गेले. त्यात त्या वेळी एका व्यापाऱ्याने आम्हाला जाडी कमी असलेले स्पोक दहा गेजचे म्हणून दिले होते. तेव्हापासून मायक्रोमीटर लावल्याशिवाय स्पोक घेत नाही. दहा गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर भरलाच पाहिजे. आणि आटे कापलेले नकोत, दाबून पाडलेले हवेत, कापलेल्या आट्याच्या मुळाशी तार चिरते.

मामा चाक बांधताना कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. सगळे स्पोक ताणून झाले की छोट्या पान्ह्याने एकेका स्पोकवर टिचकी मारत चाक फिरवतात. चाळीसही स्पोक एका सुरात वाजले पाहिजेत. एखादा बद्द वाजला की तिथे थांबतात, पाव आटा देतात, पुन्हा पहिल्यापासून. आउट, म्हणजे फिरताना चाकाचं डुलणं, अर्ध्या मिलिमीटरच्या आत आल्याशिवाय ते चाक स्टँडवरून उतरवत नाहीत.

आज आम्ही सहाजण आहोत. माझी मुलगी डिप्लोमा करून आली आणि तिने प्रत्येक हबची मापं काढून ठेवली आहेत, ट्रायम्फची, बीएसएची, नॉर्टनची. आता जुन्या गाडीचं नाव सांगितलं की कुठली स्लीव्ह, किती लांबीचा स्पोक, हे दहा मिनिटांत कळतं. गोव्याहून येणाऱ्या चाकांना आम्ही स्टेनलेसचेच स्पोक घालतो, खाऱ्या हवेत साधी तार फार टिकत नाही. 2023 पासून ट्रायम्फचं नाव लावलेल्या गाड्या इथे चाकणला बनतात, याचं आम्हाला मनापासून कौतुक आहे. जुन्या ट्रायम्फवाले आता आमच्याकडे आणखी हौसेने येतात.

आबा 2016 मध्ये गेले. त्यांनी घालून दिलेली एक पद्धत अजून तशीच आहे. बदललेलं प्रत्येक मूळ चाक, स्पिंडल, वॉशर, अँकरचा बोल्ट, सगळं ग्रीस लावून पोत्यात बांधायचं, वर चिठ्ठी लावायची आणि मालकाच्या हाती द्यायचं. मालक नको म्हणाला तर आमच्या माळ्यावर ठेवायचं.

2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात, आणि गाडी मूळ रूपात, चासीत आणि इंजिनात मोठा बदल नसलेली असावी लागते. गेल्या वर्षी सांगलीच्या त्याच गृहस्थांचा मुलगा ती एम20 घेऊन आला. ड्रम दुसऱ्यांदा गेल्यावर तिला 2002 मध्ये आम्ही बुलेटचं चाक बसवलं होतं. वडील गेले होते. त्याला गाडी जशी होती तशी करून नोंदवायची होती. विचारत होता, जुना हब कुठे मिळेल, खर्च किती येईल. मुलगी माळ्यावर चढली आणि पोतं खाली घेऊन आली. वर आबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. हब तडकलेला नव्हता, ड्रम फक्त पातळ झाला होता. आम्ही त्यात बिडाची नवी लायनर, म्हणजे आतली कडी, दाबून बसवली, मामांनी चाक बांधलं, आणि ते त्याच लेथवर चढवून आतून घासलं. फोर्कवर कुठे वेल्ड नाही, कुठे घासलेलं नाही, त्यामुळे चाक बसवायला तास पुरला. एक वॉशर मात्र मिळत नव्हता, तो पोत्याच्या तळाशी ग्रीसमध्ये चिकटलेला सापडला.

निघताना तो मुलगा बुलेटचं चाक इथेच ठेवून गेला. मुलीने त्याच पोत्यात ते बांधलं, आणि चिठ्ठी तेवढी नवी लिहिली.